मंगळवारपासून पाळणाघर

सौंदर्याची वाढवून घेतलेली रजा संपत आली तसा घरात एकच विषय उरला, भूमिकाला ठेवायचं कुणाकडे. सौंदर्याच्या बँकेची शाखा गारगोटीला. सकाळी एसटी धरायची आणि दिवेलागणीला परतायचं. तिचा नवरा श्रीशैल गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. उचगावच्या त्या घरात दिवसभर रिकामा माणूस एकच, शशिधर आप्पा, सौंदर्याचे सासरे. पण त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं आणि त्यांनीही काढलं नव्हतं. त्यांचा उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेला. पुस्तकं ठेवावीत तिथं राहतात. दीड वर्षाची भूमिका पापणी लवायच्या आत खोली बदलायची.

आप्पांवर काम आलं ते वेगळंच. तुम्ही वाचलेली माणसं, मामा, तुम्ही बघून या, तुम्ही म्हणाल तसं करू, असं सौंदर्या म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून बालसंगोपनावरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी घरी आणलं. त्यात कुणाकडे ठेवावं हे सोडून सगळं होतं.

मागच्या गल्लीतली शालूबाई घरीच मुलं सांभाळायची. आप्पा गेले तेव्हा एक तिच्या कडेवर, एक झोळीत आणि बाकीची अंगणात म्हशीच्या दावणीजवळ खेळत होती.

"या की आप्पा, भितासा कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकांपरीस शानी हायत माझी पोरं. झोपा म्हटलं की वळीनं झोपत्यात."

आप्पांना ती बाई आवडली. आपल्याला कधीच जमलं नाही असं मोकळं बोलत होती. पण बोलता बोलता तिनं मिश्री लावली आणि त्याच बोटानं कडेवरच्या मुलाला साखर चाटवली. घरी येऊन हे सांगावं की न सांगावं, असं आप्पांचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी सांगितलं. सौंदर्यानं तोंड वाकडं केलं आणि शालूबाईचा विषय मिटला. एका बोटावरून माणूस तोडला, हे मात्र आप्पांना टोचत राहिलं.

मग ओळखीतून निपाणीकडची रत्नव्वा आली. घरातच राहून मूल सांभाळायची तिची तयारी होती. भूमिकाच्या गळ्यात शिवदारा होता, लाल दोरा, आणि त्यात करडगी, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची इवलीशी डबी. रत्नव्वानं भूमिकाला उचलल्या उचलल्या आधी ती करडगी आपल्या डोळ्यांना लावली. "ह्या मगूला, बाळाला, मी नीट सांभाळतो," ती कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. भूमिकानं तिचं नाक ओढलं.

हो म्हणायला आणखी काय हवं होतं? पण आप्पा म्हणाले, विचार करून कळवतो. आणि ते खरंच विचार करत बसले. परकी बाई, रात्रंदिवस घरात, वयही झालेलं, कुठं पाय घसरला तर? की हे सगळं आपण शोधून काढतोय? करडगी डोळ्यांना लावली म्हणून बाई चांगली, हे तरी कुठल्या शास्त्रात बसतं? त्यांचं हो ठरेपर्यंत रत्नव्वानं जयसिंगपूरला एक घर धरलं होतं. सौंदर्यानं कुकरचं झाकण तेवढं जरा जोरात लावलं.

आता उरलं पाळणाघर. हायवेच्या अलीकडे, नवीन, स्वच्छ, भिंतींवर हत्ती आणि ढग. मुलं काय करतायत ते आईबापांना मोबाईलवर दिसायचं. तिथल्या ताई गोड बोलायच्या, पण नियमाला पक्क्या होत्या. गळ्यात काही चालणार नाही, म्हणाल्या. ताईत नाही, साखळी नाही, दोरा नाही.

"हे लिंग आहे," आप्पा कडेवरच्या भूमिकाचा दोरा दाखवत म्हणाले.

"असू दे काका. नियम सगळ्यांना सारखा."

आप्पांना उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. तो दोरा भूमिकाच्या गळ्यात बांधला होता घरच्या जंगमांनी, वीरभद्र अय्यांनी, आप्पांच्या पत्नीच्या, बसव्वाच्या मांडीवर. तेव्हा बसव्वा आजारी होती. नातीचा पहिला वाढदिवस तिला दिसला नाही. हा कधी उतरवू नका, एवढं ती सांगून गेली होती. आप्पा स्वतः फार सोवळे नव्हते, पूजेतही त्यांचं मन भरकटायचं. पण हा दोरा म्हणजे बसव्वाचा घरात राहिलेला हात, असं त्यांना वाटे. त्यांनी चाचरत सौंदर्याला सांगितलं.

"मामा, मला तरी कुठं बरं वाटतंय?" ती म्हणाली. "पण दुसरं कोण हाय, सांगा."

आप्पांनी खाली बघितलं. दुसरं कोणी नव्हतं.

पाळणाघरात जागा मंगळवारपासून मिळणार होती आणि सौंदर्याला सोमवारीच हजर व्हायचं होतं. मधला एक दिवस कसा काढायचा, यावर नवरा-बायको बोलत होते तेव्हा आप्पा म्हणाले, "सोमवारी मी बघतो." इतक्या हळू म्हणाले की श्रीशैलनं पुन्हा विचारलं.

मनात जे होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोमवार नीट गेला तर कदाचित सौंदर्याच म्हणेल, मामा, मंगळवारीही तुम्हीच बघा की. मग पाळणाघर नको, दोरा उतरवायला नको, आणि आपणही या घरात कशाला तरी उपयोगी.

सोमवार नीटच चालला होता. भूमिकानं मऊ भात खाल्ला, पंचांगाची जुनी पानं फाडली, आप्पांचा चष्मा दोनदा पळवला. आप्पा घामाघूम झाले होते आणि कित्येक महिन्यांत नव्हते तेवढे सुखात होते. त्यांनी तिच्यासाठी गॅसवर दूध ठेवलं, आणि बाहेर घंटा वाजली.

दर सोमवारी वीरभद्र अय्या झोळी घेऊन यायचे. उंबऱ्याच्या आतून अय्यांना भिक्षा घालायची नाही, हा बसव्वाचा दंडक. बाहेर पायरीवर उतरायचं, अय्यांच्या पायांवर पाणी घालायचं, नमस्कार करायचा, मग झोळीत पीठ. ती गेल्यापासून आप्पांनी तो एकदाही चुकवला नव्हता. दार नवीन होतं, लॅचचं, ओढलं की बंद. म्हणून त्यांनी दाराखाली लाकडी पाचर सरकवली आणि तांब्या-परात घेऊन खाली उतरले.

ते पायांवर वाकलेले असताना मागून भूमिकाची हाक आली, "कूक!" दाराआड लपून कूक म्हणायचं आणि पलीकडून उलट कूक यायची वाट बघायची, हा खेळ तिला त्यांनीच सकाळी शिकवला होता. पाचर तिनं केव्हाच काढून हातात घेतली होती. आप्पा वळले तेव्हा दार लागत होतं. खट्ट आवाज झाला.

किल्ली आत. फोन आत. दूध गॅसवर.

आतून हसू आलं. मग लहान पावलं, ड्रॉवर उघडल्याचा आवाज, आणि एकाएकी रडणं. ते नेहमीचं रडणं नव्हतं. घुसमटून येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं.

"भूमी, मी इथं आहे हं, इथंच आहे," आप्पा दाराला तोंड लावून म्हणत राहिले. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांनी खांदे लावून दार ढकललं. दार हललं नाही. अय्यांचे पाय अजून ओले होते, ते पायरीवर घसरले आणि कठड्याला धरून उभे राहिले. दूध करपल्याचा वास खिडकीतून यायला लागला. श्रीशैलचा नंबर आप्पांना पाठ नव्हता. सौंदर्याचाही नव्हता. शेजाऱ्याला हाक मारायची तर आवाज फुटेना. जन्मभर लोकांना हळू बोला सांगत आलेला गळा तो.

अय्याच ओरडले. शालूबाई कडेवरच्या पोरासकट धावत आली. तिनं खिडकीतून बघितलं, पण दाराकडचा कोपरा तिला दिसेना. तिनं अशी हाळी दिली की पलीकडच्या गल्लीतले गणपतराव पहार घेऊनच आले. आप्पा बाजूला उभे राहिले. तेवढंच त्यांना करता येत होतं.

लॅच तुटून दार उघडलं. भूमिका दारामागच्या चपलांच्या कपाटाशी टाचा उंचावून उभी होती. ड्रॉवरच्या मुठीत शिवदारा अडकला होता आणि करडगी पलीकडच्या बाजूला लोंबत होती. तोंड लालभडक झालेलं. शालूबाईनं तिला वर उचललं, तसा दोरा सैल पडला. भूमिकानं मोठ्यानं श्वास घेतला आणि मग तिचं नेहमीचं रडणं आलं. गणपतराव आत जाऊन गॅस बंद करून आले.

गळ्याभोवती लाल वळ उठला होता. आप्पांना तिकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

वीरभद्र अय्यांनी आप्पांकडे पाहिलं. "बांधलं म्याच, सोडतो पण म्याच," ते म्हणाले. "लिंग देव्हाऱ्यात ऱ्हाईल. पोर आधी." आणि त्यांनी गाठ सोडली. जुनी घट्ट गाठ सुटायला फार वेळ लागला. करडगी आप्पांच्या तळहातावर आली तेव्हा ऊबदार होती.

संध्याकाळी सौंदर्याला शालूबाईनं वाटेतच सगळं सांगितलं होतं. ती आली ती थेट भूमिकाकडे. वळाला तूप लावत बसली. श्रीशैल दारात नवीन लॅच बसवत होता, स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत होता. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एक वाक्य जुळवत होते. चुकलं माझं, म्हणावं तर ते फार थोडं. अय्यांसाठी खाली उतरलो, म्हणावं तर ते बसव्वावर ढकलल्यासारखं. दोरा नसता तर, असं म्हणायला तोंड नव्हतं.

"मामा, दुपारी जेवलासा का तुम्ही?" सौंदर्यानं विचारलं.

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तिनं ताट वाढून आणलं. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

सौंदर्याची एसटी लवकरची आणि श्रीशैलची पाळी पहिली, म्हणून मंगळवारी भूमिकाला पाळणाघरात सोडायला आप्पाच रिक्षानं गेले. दुसरं कोण होतं? दारातच ताईंनी भूमिकाला घेतलं, फ्रॉकची कॉलर बाजूला करून गळा तपासला आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय झालंय, काका?"

"दोरा होता," आप्पा म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "बरं झालं काढलात," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही थांबू नका हं. आजोबा दिसले की मुलं जास्त रडतात." आणि त्यांनी दार लावून घेतलं. याही दाराला लॅच होतं.

आतून रडणं आलं. कालचं नव्हतं, नेहमीचं होतं, हे आप्पांना लगेच ओळखू आलं. एवढं आता त्यांना येत होतं. मग मधेच थांबून तिनं "कूक" म्हटलं आणि वाट बघितली.

आप्पांनी तोंड उघडलं. थांबू नका, असं सांगितलं होतं. ते दाराला हात न लावता उभे राहिले. आतून पुन्हा "कूक" आलं, जरा मोठ्यानं.