गोदा आज काय म्हणाली

निळं टोपण, एका बाजूनं चावून चपटं झालेलं, गोदाच्या मुठीत… आणि उघडं पेन स्नेहलच्या हातात. मागावं का टोपण, की राहू द्यावं? 'दे' म्हटलं तर देईल ती, मुकाट्यानं तळहातावर आणून ठेवेल. ऐकू येतं तिला, कान तपासून झालेत, कान उत्तम आहेत. समजतंही सगळं. फक्त बोलत नाही—पावणेतीन वर्षांची झाली तरी.

समोर दोन वह्या. एक जाड, रेडिओची. रोज सकाळी सात चाळीसला कॉलेज रोडवरच्या त्या एफएम स्टेशनवरून स्नेहलच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात जाणाऱ्या तीन मिनिटांची—'गोदा म्हणते'. दुसरी पातळ, गेल्या सोमवारी स्पीच थेरपिस्ट बाईंनी दिलेली. "आठवडाभर ती जो काही आवाज काढेल तो यात लिहा, ऐकू येईल तस्साच. तुम्ही लिहिणाऱ्या, तुम्हाला काय अवघड?" आणि मग, स्नेहलचा चेहरा बघून असेल, "तुमच्यामुळे झालंय असं नाही हं काही." असं कुणी आपणहून सांगितलं की उलटंच का खरं वाटायला लागतं…

जाड वही भरत आली होती. पातळ वहीत पाच दिवसांत नऊ ओळी.

सुरुवात तर गमतीचीच होती. स्टेशन नवं, सकाळचा शो करणारा किशोर नवा, आणि त्याला नाशिककरांना उठवायला काहीतरी हवं होतं. "हवामान सगळेच सांगतात, स्नेहलताई. तुम्ही तुमचं घर सांगा. सकाळी सकाळी माणसाला कुणीतरी आपलं लागतं." गोदा तेव्हा दहा महिन्यांची, त्या दिवशी कुकरकडे बघून 'आऽबा' की काहीतरी म्हणाली होती. स्नेहलनं लिहिलं, गोदा म्हणते, याला एवढा राग कशाचा येतो? लोक हसले. मग गोदानं विचारलं, की हेल्मेट काढलं तरी बाबांचं डोकं रात्रभर त्यातच राहतं का, द्राक्षांच्या बिया कोण काढून घेतं, थंडीतली आंघोळ कुणी शोधून काढली… रेडिओतली गोदा भराभर मोठी होत गेली, हजरजबाबी झाली. आणि ही—हिचा तो 'आऽबा' कधी बंद झाला? तारीख नाही सांगता येणार. त्या दिवसांतलं सगळं लिहिलेलं आहे, तेवढंच नाही.

आज सकाळी दारावर नवसाबाई आल्या, दिंडोरीकडून मेथी घेऊन येतात त्या. "काय गं बडबडे, माझ्यासंगं नाय बोलायचं का? रेडूवर तर लय चुरूचुरू चालतं. माझी सून भाकरी तव्यावर ठेवून ऐकती तुला." गोदा तराजूकडे बघत राहिली. "लाजती," नवसाबाईच म्हणाल्या. आणि मी म्हणाले, हो ना, लाजते. हेही मीच बोलले, तिच्या वतीनं.

नंतर किशोरचा फोन. "गुरुवारी दोन वर्षं होतायत आपल्या गोदाला. स्टुडिओत घेऊन या तिला, लाइव्ह. 'उठा नाशिककर' एवढं म्हणाली तरी बास. आणि नाही म्हणू नका, जाहिरात सुरू केलीय मी." आपल्या गोदाला… दोन वर्षं. स्नेहल म्हणाली, बघते.

धनराज पूर्वी कंपनीत सगळ्यांना ऐकवायचा, माझी बायको, माझी मुलगी. हल्ली सात चाळीसला तो उठून रेडिओ बंद करतो आणि बूट घालत बसतो. एकदाच बोलला, तेही बुटाकडे बघत. "स्नेहल, ही खरंच बोलायला लागेल ना, तेव्हा तुझ्या गोदाइतकं छान नाही बोलणार. मग काय करशील?"

तिनं पातळ वही जवळ ओढली. मंगळवार: 'पाणी'—माठाकडे बोट दाखवून. बुधवार: 'आई, ये'.

'आई, ये'?

कधी म्हणाली? बुधवारी गोदा दारात उभी होती आणि तिनं हात पुढे केला होता. एवढंच… घशातून काहीतरी आलं होतं, बहुतेक. आणि मंगळवारी नुसते ओठ मिटून उघडले होते, बाकीचं पाणी माझं. वाक्य कसं साधलंय, बाई वाचतील आणि खुश होतील, उपचारसुद्धा त्यावरून ठरवतील… एक एक ओळ तपासत तिनं खोट्या खोडल्या. नऊपैकी चार उरल्या, आणि त्यातल्या एकीची खात्री नव्हती.

दहा महिन्यांची गोदा काहीतरी म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी पेन शोधायला उठायची. परत यायची तोवर ती दुसरीकडे बघत असायची. किती वेळा उठले असेन…

मेथी निवडायची राहिली होती. ती गोदासमोर फरशीवर बसली. गोदानं एक काडी उचलली, नाकाशी नेली आणि "अंऽ" म्हणाली.

झालं, वाक्य लगेच तयार—गोदा म्हणते, मेथीला तिच्या आईनं आंघोळ नाही का घातली?—हशाच्या जागेसकट. ते अगदी ओठांपर्यंत आलं. "अंऽ?" स्नेहल म्हणाली. तेवढंच, तिच्यासारखंच, आणि थांबली. स्टुडिओत तीन सेकंद शांतता झाली की किशोरचा हात गाण्याच्या बटणावर जातो. इथे तीन गेले, दहा गेले. किशोरला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, सोमवारी बाईंपुढे चार ओळींची वही ठेवावी लागणार होती. गोदा काडी धरून तिच्या तोंडाकडे बघत होती, पुढचं तिथूनच येणार असल्यासारखी. स्नेहलला भीती वाटली… तिच्याकडे या मुलीसाठी एकही शब्द तयार नव्हता. ती तशीच बसून राहिली, गोदाच्या तोंडाकडे बघत.