अकरावा नंबर

सिनेमागृहाच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या त्या माणसाला सगळा मोहल्ला ‘घ्याहो’ म्हणायचा. कुणी काही मागायच्या आतच तो म्हणायचा, ‘घ्या हो, घ्या.’ छत्री अशीच गेली. मग घडीची खुर्ची गेली, तिच्यामागून गादी. एकदा बायको कामावरून घरी आली तर खिडकीचा पडदा नव्हता. शेजारणीच्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणे. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचं घर सुटलं, तेव्हा त्याचं अख्खं कुटुंब यांच्या आतल्या खोलीत सात महिने राहिलं, आणि नवरा-बायको स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपले.

“आमच्या दादाचा हात म्हणजे बुडाला भोक पडलेली बादली,” नणंद म्हणायची. ती दोन घरं सोडून राहायची आणि तिची जीभ कात्रीसारखी चालायची. “लष्कराच्या भाकऱ्या भाजून भाजून हा एक दिवस चूलसुद्धा देऊन टाकील. वहिनी, तुम्ही तरी बोला!”

“चांगलंच करतायत ना, वन्सं. वाईट तर नाही.”

हे ती नुसतं नणंदेचं तोंड बंद करायला म्हणत नव्हती. रस्त्यातून जाताना लोक नवऱ्याला हात जोडायचे, तेव्हा तिलाही बरं वाटायचं. लग्न झालं तेव्हा तिने मनाशी एक ठरवलं होतं : चारचौघांत त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. घरात काय ते बोलू. पण घरात बोलायची वेळ यायची तोवर वस्तू गेलेली असायची, आणि गेलेल्या वस्तूवर काय बोलणार?

ती एका कपडे धुण्याच्या दुकानात रफू करायची. मागच्या खिडकीपाशी तिचं स्टूल होतं. कोटाला जळून भोक पडलेलं असो की उंदराने शाल कुरतडलेली असो, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा उसवून काढायची आणि उभ्या-आडव्या धाग्यांची अशी वीण घालायची, की मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे, “भोक शोधून दाखवा, धुलाई फुकट.” रोज पहिला धागा ओवायच्या आधी ती हात जोडायची. मागणं एवढंच, की आजचं काम नीट होऊ दे.

मग एके दिवशी तिने एका कोटाची कड रफू केली आणि मालक म्हणाले, “ताई, आणि हे शेजारचं भोक?”

ते भोक तिला दिसलंच नव्हतं. मधलं सगळं स्वच्छ, बाजूचं मात्र कुणी पुसून टाकल्यासारखं.

धर्मादाय इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब मोजला, अंधारात बसवून भिंतीवरचे ठिपके मोजायला लावले आणि सांगितलं, “काचबिंदू आहे. डावा बराच गेलाय. उजवा वाचेल. गेलेलं परत येत नाही, हे लक्षात ठेवा. उरलंय ते वाचवायचं. तीन महिन्यांनी मोठे सर्जन येतात, बारा जणांची ऑपरेशन्स करतात. तुमचा नंबर अकरावा. ही तारीख चुकवू नका.”

नवरा तेव्हा खोलीत नव्हता. एका म्हातारीची चाकांची खुर्ची ढकलायला कुणी नव्हतं म्हणून तो तिला एक्स-रेपर्यंत सोडायला गेला होता. परतल्यावर त्याने विचारलं, “काय म्हणाल्या?”

“तारीख दिलीय. लवकर करा म्हणाल्या.”

“देव पावला!” तो म्हणाला, आणि तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

‘गेलेलं परत येत नाही’ हे काही तिने सांगितलं नाही. उगाच घाबरेल. घाबरला की त्याला जेवण जात नसे.

तीन महिने तिने दिवस मोजले. थेंब घालायची, सुई हळू चालवायची. ठरलेल्या दिवशी दोघं सकाळीच जाऊन बाकावर बसली. नर्सने तिच्या मनगटाला ११ आकड्याची पट्टी बांधली आणि रक्तदाब बघायला आत नेलं. ती बाहेर आली तेव्हा नवऱ्याशेजारी एक धिप्पाड ट्रकवाला बसला होता आणि ओंजळीत तोंड घालून रडत होता. त्याची बायको भिंतीशी उभी.

“अगं, ऐक,” नवरा उठून म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. त्या पाण्याची तिला चांगलीच ओळख होती. “यांचाही तोच आजार. तपासण्या झाल्यात, पण यादी भरली. आता पुढच्या खेपेला या म्हणतात. तोवर यांचं लायसन जाईल. घरात खाणारी सहा तोंडं. या माणसाचं पोट डोळ्यांवर आहे गं.”

आणि माझं? ती मनात म्हणाली. तिच्या कामाचा आवाजच नव्हता. सुई चालते तेव्हा कुणाला ऐकू येते?

“आपलं काय, तीन महिन्यांचाच प्रश्न. तुझं घरच्यासारखं दुकान, मालक सांभाळून घेतील. मी यांना म्हटलं, नंबर आमचा घ्या. काय गं, चालेल ना?”

बाकावरची माणसं तिच्याकडे बघत होती. ट्रकवाल्याने मान वर केली. त्याची बायको पुढे आली आणि खाली वाकून तिच्या पावलांना हात लावला. हात गार होता.

आता बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य : गेलेलं परत येत नाही. ते ओठांवर आलंही. पण ते बोलायचं म्हणजे या सगळ्यांसमोर नवऱ्याचा शब्द मोडायचा, आणि त्या बाईचा वाकलेला कणा तसाच मागे ढकलायचा.

“चालेल,” ती म्हणाली.

नर्स म्हणाली, “तुमची मर्जी. इथे सही करा.” तिला कागदाची कड दिसेना, तेव्हा नर्सने तिचं बोट धरून रेघेवर टेकवलं. मग मनगटावरची पट्टी कात्रीने कापली.

बाकावरचा एकजण म्हणाला, “अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.” नवऱ्याने लाजून मान खाली घातली.

नणंदेला कळलं तेव्हा ती दारातूनच ओरडली, “दादा, अरे तुला डोळे आहेत की कवड्या? ती काय छत्री होती?” आणि मग वहिनीकडे वळून हळूच, “तुम्हाला तोंड नव्हतं का हो?” खरं तर हे त्या दिवसापासून ती स्वतःलाच विचारत होती.

पुढच्या खेपेला सर्जन आले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि दिवा बंद केला. डोळ्यामागची नस वाळली होती. डावा डोळा संपला. उजव्यात नळीतून बघावं एवढी जागा उरली होती. ती टिकली तर टिकली. “मागच्या वेळी का नाही आलात?” त्यांनी विचारलं. या वेळी नवरा खोलीत होता. तो उत्तर द्यायला उठला आणि तसाच खाली बसला.

दुकानातलं स्टूल मालकांनी महिनाभर रिकामं ठेवलं. मग तिथे दुसरी बाई आली.

नवरा आता घरात कमी बोलायचा. तिचं ताट वाढायचा, वेणी घालायचा, ती वाकडी यायची. एके दिवशी दुपारी आला तो उत्साहात. “रविवारी जुना विनोदी सिनेमा लागतोय. मॅनेजर म्हणाले, बायकोला आण. मी कानात सांगीन सगळं.”

रविवारी थिएटर तुडुंब भरलं होतं. पडद्यावर एक जाडा माणूस होता, तो प्रत्येकाला काही ना काही देत सुटला होता. तिला मध्येच त्याचं नाक दिसे, मध्येच टोपी. बाकीचं नवरा सांगत होता. “आता कोट दिला बघ... आता टेबल चाललं... जेवणारा माणूस ताट हातात धरून उभाय!” थिएटर हसून कोसळत होतं. मागच्या रांगेतून सगळ्यांत मोठं हसू येत होतं, तो आवाज तिला ओळखीचा वाटला. नवराही सुरुवातीला हसला. मग त्याचं सांगणं तुटक होत गेलं.

“आता काय चाललंय?” तिने विचारलं.

“शेवट आहे. ज्यांना ज्यांना दिलं ते सगळे दारात आलेत. वस्तू परत घेऊन. खुर्ची, घड्याळ, कोट. मोठी रांग आहे. तो रडतोय.”

“आणि त्याची बायको?”

तो पडद्याकडे बघत राहिला. “ती... दिसत नाहीये गं. असेल मागे कुठेतरी.”

सिनेमा संपला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी धावत आला. ट्रकवाला. “दादा! वहिनी! तुमच्यामुळे दिसलं हो सगळं! पोट दुखलं हसून हसून.” त्याला काही माहीत नव्हतं, आणि नवऱ्याने सांगितलं नाही. तिनेही नाही.

जिन्यातला दिवा गेला होता. नवऱ्याने आपली ड्युटीची बॅटरी काढून तिच्या पायांपुढे धरली. एवढ्यात वरून ट्रकवाल्याच्या बायकोचा रडवेला आवाज आला. कानातलं पडलं होतं, खुर्च्यांखाली कुठेतरी, आईने दिलेलं.

बॅटरीचा उजेड थरथरला. तिला कळलं.

“दोनच मिनिटं हं. इथे भिंतीला धरून उभी राहा. हलू नकोस.”

ती उभी राहिली. माणसं हसत, सिनेमातली वाक्यं म्हणत बाजूने उतरत होती. “काकू, जरा सरका ना,” कुणीतरी म्हणालं. भिंतीवर आवाज शोषणारं जाडं कापड ताणलेलं होतं. त्यात तिच्या बोटांना एक फाट सापडली. उभे धागे तुटलेले, आडवे लोंबणारे. किती धागा लागेल, कुठून सुरुवात करावी लागेल, हे बोटांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं. मग तिने मूठ मिटून घेतली.

“सापडलं!” वरून नवऱ्याचा आवाज आला, कित्येक महिन्यांत न ऐकलेला, तरुण. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तो धापा टाकत खाली आला. बॅटरीचे सेल उतरत आले असावेत, किंवा तिचंच काही उतरलं असावं. पायांपुढे तिला नुसता काळोख होता.

“फार वेळ लागला का गं? हे बघ, पायरी. दिसतंय ना?”

त्याचा श्वास अजून आनंदाने भरलेला होता.

“दिसतंय,” ती म्हणाली, आणि पायाने चाचपत पायरीची कड शोधू लागली.