माझ्या पाठीवरची दोन नावे

मी एक जुनी फाइल आहे. मित्रांनो, लगेच पान उलटू नका. तुमच्या दप्तरातल्या लेच्यापेच्या फायलींशी माझी तुलना नको. माझा पुठ्ठा जाड आहे, पोटात लोखंडी खटका आहे आणि बोट घालून ओढायला पाठीवर गोल भोक आहे. इथे जर्मनीत मला ओर्डनर म्हणतात, आणि माझ्यावाचून या देशाचे पान हलत नाही.

माझी पहिली बारा वर्षे ब्योब्लिंगेन गावच्या एका आजोबांकडे गेली. त्यांच्या वाफ्यांचे नकाशे आणि बियांची रिकामी पाकिटे मी सांभाळत असे. त्यांनी माझ्या पाठीवर स्वतःच्या हाताने ‘गार्टेन’, म्हणजे बाग, असे लिहिले होते. आजोबा गेले, घर रिकामे झाले आणि मी एका खोक्यात बसून फुटपाथवर आले. हवे त्याने न्यावे, अशी चिठ्ठी खोक्यावर होती. दोन दिवस लोक वाकून बघत आणि पुढे जात. खोटे कशाला सांगू, फार वाईट वाटले.

तिसऱ्या दिवशी सत्यजित आणि मुक्ता यांनी मला उचलले. हे नवरा-बायको मूळचे सांगलीचे. सत्यजित इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घरी येताच त्याने माझे जुने नाव खरवडायला ब्लेड घेतले. मुक्ता म्हणाली, “असू दे रे. आपण खाली लिहू.” तिने खाली लिहिले, ‘बाळ’.

त्यांना भारतातून मूल दत्तक घ्यायचे होते. त्याची सुरुवात कागदांनी होणार होती. पोलिसांचा दाखला आला, डॉक्टरांचा आला, लग्नाचा दाखला भाषांतरासह आला. माझे पोट तट्ट फुगले. मग बालकल्याण कार्यालयातल्या फ्राऊ किर्शनर, म्हणजे किर्शनरबाई, यांनी दोघांना आपापली जीवनकहाणी लिहायला सांगितली. मुक्ताने नऊ पाने लिहिली. सत्यजितने जे केले ते मात्र आपल्याकडचा माणूसच करू जाणे. त्याने लग्नासाठी देतात तसा बायोडेटा लिहिला. उंची, दहावीचे टक्के, नोकरी, स्वभाव मनमिळाऊ. आईचे नाव कुंदा, भावंडे नाहीत. ते दीड पान पोटात घेताना मलाच लाज वाटली.

फ्राऊ किर्शनर घरी आल्या तेव्हा फरशी इतकी लख्ख होती की त्यांनी बूट काढू का म्हणून दोनदा विचारले. त्यांनी ते दीड पान वाचले आणि चष्मा काढला.

“तुमचं शिक्षण समजलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “लहानपणी तुम्ही रडलात की जवळ कोण बसायचं, ते यात कुठे आहे?”

तीन आठवड्यांत पुन्हा लिहून द्या, त्याशिवाय मला माझा अहवाल लिहिता येणार नाही, असे सांगून त्या गेल्या. अहवाल नाही तर बाळही नाही, हे मलासुद्धा कळले.

सत्यजितने काय गाळले होते, ते मुक्ताला ठाऊक होते. तो स्वतःच दत्तक होता. तीन वर्षांचा असताना त्याला मूल नसलेल्या थोरल्या काका-काकूंच्या पदरात घातले गेले. त्या काकू म्हणजेच कुंदाआई. घरात हा विषय कधी कुणी काढला नव्हता. हा माणूस स्वतःच उपटून लावलेला, असे कार्यालयाला वाटेल, ही त्याला धास्ती. आणि आईला लागेल, ही त्याहून मोठी. माझ्या खटक्यात एक कोरा कागद बारा दिवस लटकत राहिला.

शेवटी एका रविवारी दुपारी त्याने सांगलीला फोन लावला. फोन माझ्या शेजारीच टेबलावर ठेवला होता.

“आई, इथे सगळं खरं लिहावं लागतंय. लिहू का?”



“लिही की,” कुंदाआई म्हणाल्या. “आणि हेही लिही. आमच्याकडे आलास तेव्हा तू महिनाभर चपला काढल्या नाहीस. परत जायचंय म्हणून दाराशी बसून राहायचास.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? मीही चपला घालून तुझ्याशेजारी बसायचे. ताट तिथंच आणायचे. एक दिवस तूच म्हणालास, पाय दुखले. आणि काढल्यास.”

सत्यजित रडला, आणि मग लिहायला बसला. सात पाने झाली. फ्राऊ किर्शनर यांनी ती वाचली आणि स्वतःच्या हाताने माझ्यात लावून खटका बंद केला. “गेनाऊ,” त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी हेच. आता त्या अहवाल लिहायला घेणार होत्या.

बाळ अजून आलेले नाही. वर्ष लागेल, दोनही लागतील. मी कपाटात ताठ उभी आहे आणि दोन्ही नावे माझ्या पाठीवर आहेत. मला उचलणाऱ्या हातांची आणि ब्लेड थांबवणाऱ्या मुक्ताची मी फार ऋणी आहे.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात कुणी दुसरीकडून आले, तर त्याचे जुने नाव खरवडू नका. ते दाराशीच बसून राहिले, तर हात धरून आत ओढू नका. आमच्या दाराजवळ, चपलांच्या मांडणीशेजारी, सत्यजितने एक बुटके बाक करून ठेवले आहे. दोघांना बसता येईल एवढे.