भिंगरीची शिट्टी

शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून शिट्टी फुंकणं हे मामाचं काम. त्यामुळे दोन वर्षांची भाची शिट्टी वाजवायला लागली म्हटल्यावर गडी हवेतच गेला. रक्तातच असावं लागतं हो, असं भेटेल त्याला सांगत सुटला. भिंगरी धावली की शिट्टी, हसली की शिट्टी, आणि कमाल म्हणजे तोंड मिटलेलं असलं तरी शिट्टी. "मला अजून हे जमत नाही," मामा कौतुकानं म्हणे. अहो, तोंड मिटून कुणाला जमेल? पण कौतुक आंधळं असतं आणि वर बहिरंही.

आठवडाभर त्यानं पोरीला मिरवलं. शेजाऱ्यांना ऐकवलं, न्हाव्याला ऐकवलं, दूधवाल्याला तर दोनदा. तिला हसवलं की झालं, आणि ते काम म्हणजे मामाच्या डाव्या हातचा मळ. त्याचं तोंडच तसं होतं. नाक हलायचं, कान हलायचे, भुवया आपापल्या मर्जीनं नाचायच्या. पुढे तिला खोकला लागला म्हणून ताई डॉक्टरबाईंकडे निघाली, तर हाही सोबत गेला, त्यांनाही ऐकवायला.

डॉक्टरबाईंनी हसून सगळं ऐकून घेतलं. मग पोरीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आणि त्यांचं हसू मावळलं.

"ही शिट्टी तोंडातून येत नाहीये, छातीतून येतेय. तीही एकाच बाजूनं. घरात दाबल्यावर वाजणारं खेळणं आहे का?"

"रबरी बदक आहे, यानंच आणलेलं," ताई मामाकडे बोट दाखवत म्हणाली. "पण हल्ली वाजत नाही ते."

बदक मुकं झालं आणि पोरगी वाजायला लागली, आणि मैदानभर नजर ठेवणाऱ्या या पंचाला ते दिसलं नव्हतं.

एक्स-रे काढला. उजवं फुप्फुस फुग्यासारखं फुगलेलं. "बदकातल्या शिट्टीचा प्लॅस्टिकचा तुकडा उजव्या श्वासनळीत अडकलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हवा आत जाते, पण बाहेर यायला वाट मिळत नाही. भूल देऊन दुर्बिणीनं काढू. तोवर हिला रडवू नका, पळू देऊ नका, आणि हसवायचं तर मुळीच नाही. तुकडा सरकून मोठ्या नळीत आला तर श्वासच कोंडेल."

ऑपरेशन थिएटर वरच्याच मजल्यावर होतं, पण भूलतज्ज्ञ यायचे होते. ताईच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि आई रडली की भिंगरी भोकाड पसरणार हे ठरलेलं. भावोजी परगावी. मग पोरीला घ्यायचं कुणी? जिला याचं तोंड बघूनच हसू फुटतं, ती आली याच्याच मांडीवर.

मामानं चेहरा गंभीर केला. झालं! मामाचा गंभीर चेहरा भिंगरीनं जन्मात पाहिला नव्हता. तिचे ओठ फाकले आणि आतून आलं, पीं. मामा घाबरला, तशा भुवया वर गेल्या, आणि ते तिला फारच आवडलं. पीं पीं.

"अहो, काहीच करू नका ना," नर्स म्हणाली.

"मी काही करत नाहीये बाई. माझं तोंडच असं आहे."

ताईला रडता रडता फिसकन हसू आलं, आणि आपण हसलो म्हणून ती आणखी रडायला लागली.

शेवटी मामानं पोरीला फिरवून पाठमोरी धरली, तोंड कोऱ्या भिंतीकडे. आणि हळू आवाजात तिला एका रटाळ सामन्याची गोष्ट सांगायला लागला, ज्यात कुणीच गोल केला नव्हता. चेंडू बाहेर गेला, मग आत आणला, मग परत बाहेर गेला. त्याच्या तळव्याखाली तिची छाती वरखाली होत होती. ज्या आवाजावर तो टाळ्या पिटत होता, त्या प्रत्येक पींला आता त्याच्या काळजात धस्स होत होतं. देवा, माझं काय हवं ते कर, पण हिचा श्वास चालू दे, असं तो मनात म्हणत होता, आणि तोंडानं चेंडू बाहेर, चेंडू आत.

मग भूलतज्ज्ञ आले आणि तिला वर नेलं. मामाची मांडी एकदम हलकी झाली.

"मीच तिला सारखा हसवत होतो गं ताई."

"मी कुठं अडवलं तुला," ताई म्हणाली. "मीही हसतच होते की."

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई आल्या. हातातल्या वाटीत पांढरा, नखाएवढा तुकडा. "निघाला," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आली की हसवा तिला. मला ऐकायचंय."

भिंगरी डोळे किलकिले करून पडली होती. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि सगळे मामाकडे बघू लागले. मामानं नाक हलवायला घेतलं, पण ते हलेना. भुवया जागच्या उठेनात. ओठ थरथरले, हनुवटी वाकडी झाली, आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला.

भिंगरी टक लावून बघत राहिली. हे तोंड तिला नवीन होतं. मग ती खुदकन हसली, मग खळखळून, बसलेल्या घशानं. नुसतं हसली. दुसरा कसलाही आवाज नाही.

"दोन्ही बाजू सारख्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मामा, परत," भिंगरी म्हणाली.

आणि काय सांगावं, मामानं परत केलं.