फुंकरबाबाचे तीन दिवस

"हलली! शेपटी हलली!"

गल्लीत एकच गलका उठला. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर रेललेली, खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आलेल्या, आणि मधोमध सतरंजीवर मांडी ठोकून बसलेला फुंकरबाबा. त्याच्या मांडीवर बाइंडरकाकूंची कुत्री, पुठ्ठी. तासाभरापूर्वी तिनं उंदराचं औषध खाल्लं होतं. पण डोळे लख्ख, नाक ओलं, आणि शेपटी सतरंजीवर पट्‌पट् आपटतेय.

बाबानं तिच्या कानात तीनदा फुंकर मारली नि हाळी दिली,

"कानात फुंकर, पोटात गार,
विषा रे विषा, ये बाहेर!"

पुठ्ठीच्या जबड्यात हात घालून त्यानं मूठ बाहेर काढली, उघडली. तळहातावर काळाकुट्ट खडा! बाया गहिवरल्या, बाप्ये मागे सरले.

"औषधाची पुडी कुठंय?" बाबानं दरडावलं. काकूंनी पदराआडून पुडी काढून दिली. "ही मी पुरणार. आणि सात दिवस डॉक्टरची सुई टोचायची नाही. सुई लागली की फुंकर फुटते."

"फुटायला फुंकर म्हणजे काय फुगा आहे?" काकूंचे धाकटे दीर मागून म्हणाले. "वहिनी, दवाखाना इथं दहा मिनिटांवर आहे. चला, मी उचलतो तिला."

"गप्प बसा हो भावोजी! डोळ्यांनी बघताय ना?"

काकूंचं चुकलं होतं ते आधीच, आणि ते बाइंडरच्याच घरात चुकावं असं होतं. त्यांच्या खोलीत पुस्तकं बांधली जायची, म्हणून चिकटवायला रोज खळ शिजायची. खळीच्या वासानं उंदीर यायचे नि वह्यांच्या पाठी कुरतडायचे. काकूंनी युक्ती केली: उरलेल्या खळीतच औषध कालवलं, पुठ्ठ्याच्या कपट्यांना फासलं आणि कपटे कटिंग मशीनमागे सरकवले. पुठ्ठी पिल्लू होती तेव्हापासून खळीचा ब्रश चाटून वाढलेली. विष तिला काय कळणार? तिला कळली ती खळ.

आणि दवाखान्याऐवजी त्या इथं धावल्या, कारण बाबाचा आल्बम त्यांच्याकडेच बांधायला आला होता. चाळीस फोटो, चाळीस कुत्री, सगळी शेपट्या हलवणारी.

दोन दिवस पुठ्ठी खेळली, जेवली. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला बाबाची थोरवी सांगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात पडून खोकू लागली. चौथ्या सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं आणि घडी घालून ठेवलेल्या कोऱ्या कागदांवर थेंब थेंब पडत राहिलं. हिरड्या त्या कागदांसारख्याच पांढऱ्या. भावोजींनी तिला उचललं नि पळत सुटले. काकू मागोमाग, अनवाणी.

"काय खाल्लं होतं? पुडी आणलीय?" डॉक्टरबाईंनी हात चालवत विचारलं.

"उंदराचं औषध. पुडी बाबानं पुरली," काकू म्हणाल्या. "पण बाई, दोन दिवस चांगली होती हो! बाबानं विष काढलं होतं!"

"काकू, तुम्ही सांगताय त्यावरून हे औषध रक्त गोठू देत नाही. पण शरीरात रक्त गोठवणाऱ्या द्रव्यांचा थोडा साठा असतो. तो संपेपर्यंत दोन-चार दिवस जनावर हसतं-खेळतं. बाबा त्या दिवसांवर जगतो. खाल्लं त्याच दिवशी आणली असती तर मी इथं तिला उलटी करवली असती, मग व्हिटॅमिन के, काही आठवडे गोळ्या. बहुतेक वाचतात."

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, रक्त मिळवायला दोनचार ठिकाणी फोन केले. दुपारी पुठ्ठी गेली. डोकं काकूंच्या हातावर होतं.

घरी येऊन काकूंनी आल्बम उघडला. प्रत्येक फोटोखाली बाबाच्या अक्षरात दोन तारखा: फुंकरीची आणि फोटोची. चाळीसही ठिकाणी दोन्ही एकच. दुसऱ्या दिवसाचा एकही फोटो नव्हता, आठव्या दिवसाचा तर नव्हताच.

दोन दिवसांनी सतरंजीवर पोस्टमनचं पिल्लू होतं. तोच गलका, तीच फुंकर, तोच खडा. काकू आल्बम घेऊन गर्दीत शिरल्या.

"दूधवाले, हा फोटो तुमच्या कुत्र्याचा ना? कुठंय तो?"

दूधवाला चाचरला. "गेला... त्याच आठवड्यात. बाबा म्हणाले, तुझाच विश्वास कमी पडला."

"इस्त्रीवाल्या वहिनी, तुमची काळी?"

"पाचव्या दिवशी. नाकातून रक्त..." वहिनींनी तोंडाला पदर लावला.

भावोजींनी बाबाची बाही धरून झटकली. डांबराचे तीन खडे टपटप खाली पडले. "वा बाबा! तीन कुत्र्यांचं विष आगाऊ काढून ठेवलंत?"

बाबा उसळला, "विष हिनंच घातलं! पाप हिचं!"

"हो, मीच घातलं," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तिला वाचवायला माझ्या हातात तीन दिवस होते. ते तू खाल्लेस."

पोस्टमन घुटमळला. "पण काकू, हा तर ठणठणीत दिसतोय..."

"म्हणूनच आत्ता ने. या क्षणी. पुडी घेऊन."

भावोजींनी बाबाच्या झोळीतून पोस्टमनची पुडी काढून त्याला दिली. पोस्टमननं पिल्लू शर्टात खुपसलं आणि सायकलवर टांग मारली.

पिल्लू जगलं. महिनाभर गोळ्या खाऊन जगलं. गल्लीतले निम्मे लोक मात्र आजही सांगतात, की त्याला आधी बाबाची फुंकर लागली होती, म्हणून जगलं. बाबा शेजारच्या गल्लीत सतरंजी टाकून बसतो.

तेव्हा बाबांनो, बायांनो, डोळ्यांपेक्षा डोक्याला विचारा. खाण्याच्या वस्तूत औषध कालवू नका. कुत्र्याचं तोंड पोचेल तिथं ते ठेवूच नका. चुकून खाल्लंच, तर मिठाचं पाणी, तेल, दूध काही पाजत बसू नका. कुत्रं उड्या मारत असलं तरी पुडी उचला, किती नि केव्हा खाल्लं ते आठवा आणि तडक दवाखाना गाठा. मुक्या जिवाला दुखतंय म्हणून सांगता येत नाही, आणि मला कुठं ने हेही सांगता येत नाही. ते आपल्याला ठरवायचं असतं, शेपटी हलते आहे तोवर.