पाणी कोण भरतं?

अंगणवाडी मदतनिसाच्या जागेसाठी अंकिताचं नाव यादीत पहिलं लागलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, नानाजींनी, साऱ्या गल्लीत पेढे वाटले. आर्वी तालुक्यातलं, रोहण्याच्या पलीकडचं ते गाव. तिथं पोरीला गावातच नोकरी लागणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

अंकिताचा उजवा पाय लहानपणीच्या तापात बारीक पडलेला. पण आई कमलाबाई शेतात निंदायला गेली की सैपाक तिचा, पाणी तिचं, शेजारच्या लेकरांना भरवणंही तिचंच. घागर कमरेवर घेतली की तिचा तोल जाई. म्हणून ती दोन बारक्या कळशा दोन हातांत घेई, वाटेत बुद्धविहाराच्या ओट्यावर टेकवी, दम खाई आणि पुन्हा उचली.

मग आर्वीच्या ऑफिसातून निरोप आला, काम झेपतं का ते बघायला तिथल्या मॅडम घरी येणार. दुसऱ्या नंबरच्या मुलीची चौकशी नाही, फक्त अंकिताची. पाय धड असले की काम येतंच, असं सरकारनं गृहीत धरलेलं. धड पायांची कितीतरी माणसं घरातली काडी इकडची तिकडे करत नाहीत, पण त्यांना विचारतो कोण?

त्या दिवशी नानाजींनी पहाटेच उठून ड्रम काठोकाठ भरला. कमलाबाईला चुलीपुढे बसवलं आणि अंकिताला इस्त्रीचा ड्रेस घालून खुर्चीत.

"बाबा, मले करू द्या ना. त्या तेच तर पाहाले येऊन राह्यल्या."

"चूप बस. परक्या मानसापुढं लंगडत पानी आनशील? लोक म्हनतीन, बाप असून पोरीले राबवते."

मॅडम आल्या. जयभीम झाला. पाण्याचा गिलास नानाजींनी स्वतः पुढे केला. मॅडमनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "पाणी कोण भरतं?"

"मीच भरतो, मॅडम," नानाजी छाती काढून म्हणाले. "पोरीले आमी काडीचं काम सांगत नाई. फुलावानी ठेवलं तिले."

"नाई मॅडम, रोज मीच आनतो," अंकिता उठली. "आता आनून दाखवू?"

"नको गं बाळा, कशाला त्रास?" मॅडम हसल्या. "नशीबवान आहेस, असे वडील मिळाले."

अंकितानं तरी कळशा उचलल्या होत्या. पण ड्रम भरलेला, माठ भरलेला. आणून ओतणार कशात? तिनं त्या पुन्हा खाली ठेवल्या.

जागा दुसरीला गेली. नानाजी भांडायला आर्वीला गेले, तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं ना, तिला काम होत नाही म्हणून?" असं आपण कुठं म्हटलं, असं पुटपुटत नानाजी बाहेर पडले. परतीच्या एसटीत त्यांना आपलेच शब्द आठवले. मॅडमच्या मनात जे आधीपासून होतं, त्याला बापानंच होकार दिला होता, तोही चांगला बाप दिसायच्या हौसेनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकितानं कळशा घेतल्या. नानाजी लगबगीनं पुढे झाले.

"आन इकडं बाई, मी आनतो."

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "आज कोनी पाहाले येत नाई."

आणि ती पाण्याला निघाली.