पीटीच्या तासाला

दत्तप्रसाद सावंत हे धामापूरच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक. शाळा लहान, मैदान एकच, पण मुलींचा खो-खोचा संघ सगळ्या मालवण तालुक्यात नावाजलेला. मुख्याध्यापिकांच्या खोलीतलं कपाट ढालींनी भरून गेलं होतं आणि गावातल्या लग्नाकार्यात सावंत सरांना पुढची खुर्ची मिळायची, ती या संघामुळेच.

सरांची पद्धत साधी होती. पाचवीचा नवा वर्ग आला की मुलांना मैदानाला एक फेरी मारायला लावायची. कोण हलक्या पायाने वळतं, कोणाला दम राहतो, हे त्यांना तेवढ्यात कळायचं. ती मुलं संघाच्या तयारीला. बाकीच्यांना ते म्हणायचे, "बसा सावलीत, गडबड करू नका." ती मुलं बसायची, आणि दहावी होईपर्यंत बसायची.

गेल्या वर्षी सरांची मुलगी तन्वी पाचवीत याच शाळेत आली. अंगाने जरा जड, चालीने संथ. फेरी मारताना ती सगळ्यात मागे राहिली आणि सरांनी तिला इतरांसारखंच सावलीत पाठवलं. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं नाही, याचं त्यांना मनातून बरंच वाटलं.

जुलैच्या अखेरीस पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. संध्याकाळी पडवीत रश्मी, म्हणजे सरांची बायको, शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिने तन्वीला सहज विचारलं, "आज पीटीक काय खेळलास गो?"

"आमी खेळणंव नाय," तन्वी म्हणाली. "आमी चपला राखतंव."

"कोणाच्यो?"

"दीपिकाताय नि तेंच्या टीमच्यो. मैदानार कुत्रो येता, तो चपला घेऊन पळता. म्हणान सरांनी आमका थंय बसवल्यानी हा."

रश्मी हसली. मग मशीन थांबवून तिने नवऱ्याकडे बघितलं. "सर म्हणजे तुमीच मा?"

तन्वीची काही तक्रार नव्हती. सावलीत बसून आपण मैत्रिणींबरोबर गजगे खेळतो, असंही तिने सांगितलं. प्राथमिक शाळेत असताना ही पोर रोज गुडघे फोडून घरी यायची, हे सरांना मात्र आठवलं. हायस्कूलला गेल्यापासून तिचा फ्रॉक कधी मळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नववीचा तास होता. सरांनी संघाच्या मुलींना खेळायला सोडलं आणि ते कडेला बसलेल्यांकडे गेले. खेळणाऱ्यांपेक्षा बसलेली मुलं कितीतरी जास्त होती. यशोदा नावाची एक उंच, किडकिडीत मुलगी वहीत मेंदीची नक्षी काढत होती.

"तू शेवटची कधी धावलीस गो?" सरांनी विचारलं.

यशोदाने विचार केला. "पाचवीत, सर. तुम्ही फेरी मारायला लावलीत तेव्हा."

सरांना ती फेरी आठवत नव्हती. यशोदाही आठवत नव्हती.

त्या आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, पीटीच्या तासाला वर्गातलं प्रत्येक मूल खेळणार. संघाचा सराव शाळा सुटल्यावर.

दीपिका संघाची कप्तान होती, दहावीतली. तिने लगेच हात वर केला. "सर, वरच्या वाडीतल्या मुलींची एस्टी शाळा सुटल्याबरोबर असते. त्या कशा थांबणार?"

"बघू काहीतरी," सर म्हणाले. त्यांनी त्याचा विचारच केला नव्हता.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ झाला. यशोदाच्या कुशीत कळ आली. आठवीतला बाबू चौकात उकिडवा बसला तो 'खो' मिळाल्यावर उठेचना, हात टेकून उठेपर्यंत पळणारा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पोरं खो खो हसायला लागली. तन्वी तर प्रत्येक वेळी सगळ्यात आधी बाद व्हायची. एकदा ती रडली आणि म्हणाली, "आमी बसलेलंव ताच बरा होता."

सर ओरडायचे, "उठ लवकर! वळ! वळ!" पण ओरडून काही होत नव्हतं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की मुलं निवडायचं काम त्यांना छान जमत होतं, शिकवायचं मात्र फारसं करावंच लागलं नव्हतं. ज्यांना ते निवडत, त्यांना निम्मं आधीच येत असे. चौकात बसलेलं मूल झटकन उठतं म्हणजे नेमकं काय करतं? टाच कुठे असते, हात कुठे असतात? हे बघायला ते एका रविवारी घरासमोरच्या खळ्यात स्वतःच उकिडवे बसायला आणि उठायला लागले. चाळिशी ओलांडलेले गुडघे कटकट वाजत होते.

रश्मी भात शिजत घालून बाहेर आली. "ह्यां काय चल्ला हा तुमचा?"

"बाबूक उठाक येणा नाय."

"आणि तुमका?"

"माकाय येणा नाय," सर म्हणाले आणि दोघंही हसली.

मग त्यांनी खो-खो बाजूला ठेवला आणि आधी साधी शिवाशिवी, लंगडी, साखळी घेतली. दम वाढला तसे नियम आणले. चतुर्थीच्या सुट्टीनंतर बाबू हात न टेकता उठायला लागला. उठला की तो सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचा, त्यात वेळ जायचा, पण उठायचा.

इकडे संघाचा सराव मात्र अर्ध्यावर आला होता. सरांनी सकाळी शाळेआधी सराव ठेवला, लांबच्या दोन मुलींना स्वतः स्कूटरवरून आणायला सुरुवात केली. तरी रोज कोणी ना कोणी गळायचंच. दीपिकाचे वडील गणपत रिक्षा चालवायचे. ते एका सकाळी रिक्षा फाटकात लावून थेट मुख्याध्यापिका परब बाईंच्या खोलीत आले. सरांना बोलावणं गेलं.

"सर, माझ्या चेडवाचा दहावीचा वर्स आसा," गणपत म्हणाले. "टीम जिल्ह्याक गेली, फुडे गेली, तर खेळाचे गुण गावतत. पाचवीपासून तां तुमच्या हाताखाली धावता. आणि ह्याच वर्सा तुमी तेका पोरांबरोबर लंगडी खेळूक लावतास?"

"तिचा सराव चालू आहे, गणपतभाऊ."

"होतो तितको आसा? माका खरा सांगा."

सरांना खोटं बोलता आलं नाही. "नाही. कमी आहे."

परब बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सावंत सर, तुमचं म्हणणं मला पटतं. पण दिवाळीपर्यंत थांबा. स्पर्धा होऊन जाऊ द्या, मग सगळ्यांना खेळवा."

"बाई, दरवर्षी कुठली तरी स्पर्धा असतेच. आता बसवली तर ती मुलं परत उठायची नाहीत."

बाईंनी जबरदस्ती केली नाही. गणपत फाटकातली रिक्षा काढून निघून गेले.

तालुक्याची स्पर्धा मालवणला झाली. अंतिम सामन्यात समोर शहरातली शाळा होती. दीपिका त्या दिवशी जिवाच्या आकांताने खेळली. दुसऱ्या डावात तिने एकटीने इतका वेळ हुलकावण्या दिल्या की बघणारे उभे राहिले. पण शेवटी आक्रमणाची पाळी आली तेव्हा आपल्या मुलींचे पाय जड झाल्याचं सरांना दिसलं. दरवर्षी याच वेळी त्यांच्या मुली समोरच्यांपेक्षा ताज्या असायच्या. या वेळी नव्हत्या. सामना एका गुणाने गेला.

परतीच्या गाडीत मुली रडत होत्या. सर ड्रायव्हरशेजारी बसून होते. मागे वळून मुलींना काहीतरी म्हणावं असं त्यांना रस्ताभर वाटत राहिलं. तेवढ्यात गाव आलं, मुली उतरून गेल्या.

त्यानंतर दीपिका मैदानावर यायची बंद झाली. दहावीचे पीटीचे तास तोवर गणिताला दिले गेले होते. सरांनी परब बाईंकडे जाऊन ते परत मागितले.

"दहावीला पण?" बाईंनी विचारलं.

"त्यांनाच जास्त गरज आहे. सकाळी क्लास, मग शाळा, मग परत क्लास. दिवसभर बसून असतात."

घासाघीस होऊन शनिवारची सकाळ मिळाली. शनिवारी सगळी शाळाच मैदानावर असायची. दीपिका यायची ती गणिताचं पुस्तक घेऊन, आणि मैदानाकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या बुटक्या भिंतीवर, चढून बसायची. सर तिला खाली ये म्हणाले नाहीत.

पौषातल्या एका शनिवारी नववीचा खेळ चालू होता. यशोदा चौकात बसली होती आणि 'खो' मिळायच्या आधीच दरवेळी उठत होती. शिट्टी वाजायची, सर समजावायचे, ती मान डोलवायची आणि परत तेच.

गडग्यावरून आवाज आला, "खो पडाच्या आदी उठतंस कित्याक गो?"

सगळे बघायला लागले. दीपिकाने पुस्तक मिटलं, उडी मारून खाली आली आणि यशोदाच्या मागे उभी राहिली. "डोळे मिट. माझा हात पाठीवर पडेपर्यंत आणि आवाज येईपर्यंत उठायचं नाही." तिने एकदा नुसताच पायाचा आवाज केला. यशोदा उठली. परत बसवली. असं कितीतरी वेळा. तास संपला तरी त्या दोघी तिथेच होत्या.

नंतरच्या शनिवारी दीपिका आपणहून आली आणि पाचवीच्या मुलींना खांबाला वळायला शिकवू लागली. सरांशी कामापुरतं बोलायची. फेब्रुवारीत तिचं येणं अभ्यासामुळे थांबलं.

दहावीचा निकाल लागल्यावर दीपिका शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. गुण बरे पडले होते, कणकवलीच्या कॉलेजात प्रवेश ठरला होता. दाखला घेऊन ती क्रीडासाहित्याच्या खोलीपाशी थांबली. सर खांबांना रंग देत होते.

"पेढे घ्या, सर."

सरांनी हात पुसून पेढा घेतला. "अभिनंदन. घरी सगळे खूश?"

"हो." तिने पेढ्यांचा पुडा मिटला. "सर, एक विचारायचं होतं. मालवणला आम्ही का हरलो?"

सरांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "सराव कमी झाला होता. तो मी कमी केला होता."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मुली रडत होत्या गाडीत. मला वाटलं कप्तान म्हणून मीच कमी पडले. वर्षभर तेच डोक्यात होतं."

गाडीतल्या त्या प्रवासात सरांनी स्वतःपुरताच विचार केला होता. मुली काय समजून बसतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तू कुठेही कमी पडली नव्हतीस," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझ्याएवढं चांगलं कोणीच खेळलं नाही. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

दीपिकाने मान खाली घातली, ओढणीने डोळे पुसले. "पण तास परत आमच्या एकट्या टीमला देणार नाही ना तुम्ही?"

"नाही. फक्त यंदा सरावाचं आधी ठरवलंय. वरच्या वाडीतल्या मुलींना घरी सोडायला तुझे बाबा रिक्षा घेऊन येतो म्हणालेत."

"बाबा?" ती चकित झाली. "माका बोलले नाय ते."

"मलाही कालच म्हणाले. आधी भरपूर बोलले, मग म्हणाले."

दीपिका हसली. मैदानावर सहावीचा तास सुरू होत होता. तन्वी धावत येत होती, अजूनही सगळ्यांच्या मागे, तोंड लाल झालेलं.

"कॉलेजात सोमवारी खो-खोच्या संघाची निवड आहे," दीपिका म्हणाली. "तिथे ओळखीचं कोणी नाही. भीती वाटते."

"सकाळी पोटभर खाऊन जा. आणि आधी बाकीच्यांचा खेळ बघ."

"बरं." एस्टीचा हॉर्न वाजला तशी ती फाटकाकडे पळाली. सरांनी रंगाच्या डब्याला झाकण लावलं, शिट्टी गळ्यात अडकवली आणि ते मैदानावर गेले.